पायगुण

अवरेकाई बाजारात आली की माझं मन उदास होतं. सगळ्या बेंगळुरात अशी बहुधा मी एकटीच असेन. बाकीचे लोक वर्षभर या पावट्यासारख्या शेंगांची वाट बघतात. मार्गशीर्षात पहाटेचं धुकं पडायला लागलं की खेड्यांतून पोती येतात, इथे जयनगरला आमच्या कोपऱ्यावर हिरवे ढीग लागतात, आणि बायका एकेक शेंग नाकाशी धरून बघतात. दव चांगलं पडलं असेल तर शेंगेला एक तेलकट, उग्र वास चढतो. कन्नडात त्याला सोगडु म्हणतात. आमच्या घरच्या मराठीत त्याला शब्दच नाही, आम्हीही सोगडुच म्हणतो. तो एकदा बोटांना लागला की साबणानं जात नाही.

मला मात्र त्या वासाच्या मागून आणखी दोन वास येतात. एक मनुका आणि दालचिनी शिजत असल्याचा, आणि दुसरा दवानं ओलसर झालेल्या कोळशाचा. मग माझी मोठी बहीण दिसते, सुशीलाअक्का. पहाटेच्या धुक्यात हातात कोळसा घेऊन ती दुसऱ्याच्या दारात उभी आहे. परवा बाजारात शेंगा बघितल्या आणि घ्यायच्या नाहीत असं ठरवून पुढे गेले. चार पावलांवरून परत आले आणि पिशवी भरून घेतल्या. आपलं आपल्यालाही कुठे कळतं!

मी म्हणते ते दिवस आता दहा-बारा वर्षं मागे पडले. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच शहरातलं. मराठी फौजांच्या मागून कुणीतरी पूर्वज आला आणि परत जायचं विसरला, असं अण्णा सांगत. अण्णा म्हणजे आमचे वडील. जुन्या पेठेतली जागा सोडून त्यांनी दंडूत, म्हणजे कँटोन्मेंटात, एका बंगल्याचा मागचा भाग भाड्यानं घेतला होता. कचेरी जवळ पडते एवढंच कारण. बंगल्याच्या पुढच्या भागात मालकीण राहायची, मिसेस ट्रेंट. गोऱ्या बाईला इकडे दोरसानी म्हणत, म्हणून आम्हीही तिला दोरसानीच म्हणत असू. राज्य गेलं, तिची माणसं बोटीत बसून गेली, ही मात्र राहिली. नवरा इथल्या मातीत पुरलेला होता आणि मुलगा मलायात रबराच्या मळ्यावर होता. व्हरांड्यात ती लहान मुलांचा एक वर्ग चालवायची. त्या मुलांचे इंग्रजी पाढे ऐकत आमच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या होत.

आमच्या शाळेच्या पुस्तकात होतं की इंग्रज आले आणि त्यांनी आपल्या लोकांना भोळ्या समजुतींतून बाहेर काढलं. मी ते घोकत असायची, आणि समोर ही अस्सल इंग्रज बाई जेवताना सांडलेलं मीठ चिमटीत घेऊन डाव्या खांद्यावरून मागे टाकत असायची. डाव्या खांद्यामागे म्हणे सैतान उभा असतो आणि मीठ त्याच्या डोळ्यांत जातं. नवे बूट टेबलावर ठेवायचे नाहीत, घरात मरण येतं. छत्री घरात उघडायची नाही. तिच्या देशात काळापांढरा असा कुठलासा पक्षी असतो. तो एकटा दिसला तर दुःख येणार, म्हणून त्याला आधीच नमस्कार करून बायकोची खुशाली विचारायची. इथे तो पक्षी नाही. तिनं आपली भीती आमच्या अंगणातल्या दयाळावर बसवली. बिचारा दयाळ रोज सकाळी कुंपणावर एकटाच बसायचा आणि ही खिडकीतून त्याला 'गुड मॉर्निंग, घरी मंडळी कशी आहेत' असं विचारायची.

आईला तिच्या भाषेतलं एक अक्षर कळत नव्हतं, पण बाई कळायची. एकदा आईनं बागेतली पूजेची फुलं तिला नेऊन दिली, लाल जास्वंद आणि पांढरी तगर. दोरसानी पांढरीफटक पडली. लाल आणि पांढरं एका भांड्यात म्हणजे रक्त आणि जखमेवरच्या पट्ट्या, घरात कुणीतरी जाणार. तिनं जास्वंद आत नेली आणि तगर पायरीवर ठेवली. आई परत येऊन म्हणाली, "शहाणी आहे हो बाई. विचार करून वागते." आई स्वतः पाल चुकचुकली की काम थांबवणारी. तिला त्यात वावगं काय वाटणार?

अण्णा या सगळ्याला हसत. पण वर्षातून एक दिवस तेही त्यात सामील होत, आणि मोठ्या ऐटीत होत. दोरसानी इंग्लंडच्या अगदी उत्तरेकडची. तिच्या गावात अशी समजूत होती की नवं वर्ष लागल्यावर घरात पहिलं पाऊल ज्याचं पडेल त्याच्यावर सगळं वर्ष अवलंबून. पाऊल उंच, काळ्याभोर केसांच्या, सावळ्या पाहुण्याचं हवं. त्यानं हातात कोळसा, पाव आणि मीठ घेऊन पुढच्या दारानं आत यायचं, म्हणजे वर्षभर त्या घरात ऊब राहते, अन्न राहतं, चव राहते. नवरा असताना त्याच्या कचेरीतलं कुणी ना कुणी येई. मग एका वर्षी तांबड्या केसांचा एक ओळखीचा माणूस चुकून आधी आत आला, आणि त्याच वर्षी नवरा गेला. तेव्हापासून तिनं हे काम फार जपलं होतं. आम्ही राहायला गेलो आणि तिनं अण्णांना पाहिलं. सहा फूट उंची, काळाभोर रंग, दाट काळ्या मिशा. तिला हवं ते सगळं मागच्या दारीच मिळालं.

अण्णांनी घरी येऊन सांगितलं, "उंच हवं, काळं हवं, हातात कोळसा हवा. दुसरं काय, आपला पायगुणच की. त्यांच्यातही असतो म्हणायचा."

तिच्या गावी हे मध्यरात्री करत. पण अण्णांच्या झोपेसाठी तिनं ते एक जानेवारीच्या पहाटेवर आणलं होतं. दूधवाल्याच्याही आधी अण्णा आंघोळ करून, काळा कोट चढवून, बंबातला कोळसा कागदात गुंडाळून निघत. मुकाट्यानं आत जाऊन कोळसा तिच्या शेगडीत ठेवत आणि मग 'हॅपी न्यू इयर' म्हणत. ती त्यांना केक देई आणि आल्याच्या वाइनचा छोटा पेला. ती वाइन अण्णा दर वर्षी क्रोटनच्या कुंडीत ओतून येत. "माझ्या आजीनं मला जन्मभर कोळसा म्हणून हाक मारली," ते हसत सांगत. "आता बघा, गोऱ्यांचं वर्ष माझ्यावाचून सुरू होत नाही."

अक्का अण्णांवर गेली होती. तीच उंची, तोच रंग. रंगामुळे लग्न लांबलं, मग धारवाडकडच्या एका स्थळी जमलं, आणि वर्ष फिरायच्या आत नवरा विषमज्वरानं गेला. सासरच्यांनी पायगुण हा शब्द तिच्यासमोरच वापरला. पहाटे अंगणात येऊ नकोस, आधी दुसऱ्या कुणाचं तोंड दिसू दे, असं तिला रोज सांगत. अण्णा जाऊन तिला घेऊन आले. तेव्हा ती विशीच्या पुढे थोडीशीच असेल.

आमच्या घरी तिला कुणी वाईट बोललं नाही. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका यायच्या वेळी आई अवरेची टोपली तिच्याकडे सरकवून म्हणायची, "हे स्वल्प सोलतेस का मागं बसून?" अक्का मागे बसायची. भिजवलेला दाणा चिमटीत दाबला की साल हातात राहते आणि गर सुटून बाहेर उडतो. बाहेर बायकांचं हसणं, बांगड्या, तिळगूळ, आणि आत तिची चिमूट चाललेली. आई मायेची होती हो. पण माया वेगळी आणि धीर वेगळा. तो आईजवळ नव्हता. मला त्याचा तेव्हाही राग यायचा आणि आजही येतो.

दोरसानीनं अक्काला पुढच्या भागात बोलावलं ते विणकाम शिकवायला. मग ती अक्काकडून इंग्रजी वाचून घेऊ लागली, मग अक्का वर्गातल्या मुलांना पाटीवर अक्षरं गिरवायला बसवू लागली. अक्का मुलांना हसवायची. ती हसवू शकते हे आम्हालाही तोवर माहीत नव्हतं. त्या नोव्हेंबरात दोरसानीनं अण्णांना विचारलं, जानेवारीपासून लहान मुलांचा वर्ग सुशीला घेईल का? पुढे तिला शिक्षिकेच्या परीक्षेलाही बसवते. अण्णा 'सरी, सरी', म्हणजे बरं बरं, म्हणत परत आले आणि भिंतीकडे तोंड करून उगाच घड्याळाला किल्ली देत राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

त्याच दिवसांत पुडिंग ढवळायचा रविवार आला. नाताळच्या चार-पाच आठवडे आधी पुडिंग कालवून ठेवायचं आणि घरातल्या प्रत्येकानं त्यात लाकडी डाव एकदा पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवायचा. फिरवताना मनात एक इच्छा धरायची आणि कुणाला सांगायची नाही. सांगितली की ती गेली. दोरसानीच्या घरात 'प्रत्येक' म्हणजे ती एकटी. त्या वर्षी तिनं अक्काला हाक मारली, आणि अक्काच्या पदराला धरून मीही गेले. मोठं चिनी मातीचं भांडं, मनुका, संत्र्याची किसलेली साल, दालचिनी. अक्कानं आधी हात मागे घेतला. शुभाच्या कामात हात घालायची सवय मोडली होती तिची. दोरसानीनं डाव तिच्या मुठीत दिला आणि वरून आपला हात ठेवला. अक्कानं डोळे मिटले आणि ढवळलं. डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा असा होता की मला तिच्याकडे बघवेना. इतकं सुख मी तिच्या तोंडावर कधी पाहिलंच नव्हतं.

परत येताना मी विचारलं, "काय मागितलंस गं?"

"सांगायचं नसतं," ती म्हणाली. पुढे स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "यांच्यात किती बरं आहे. कुणी डाव हातातून काढून घेत नाही."

डिसेंबरच्या शेवटी अण्णांना ताप भरला. एकतीस तारखेला त्यांना उठून बसवेना. "राहू दे यंदा," ते म्हणाले. "निरोप धाडा दोरसानीला."

"असं कसं अण्णा?" अक्का म्हणाली. "रात्रभर ती वाट बघत बसेल. मी जाते की."

आई शेंगा सोलायची थांबली. "तू नको जाऊस गं."

"आई, त्यांच्यात तसलं काही नसतं," अक्का म्हणाली. अण्णा तापाच्या गुंगीत 'सरी, सरी' म्हणाले. बाईच्या पावलाचं काय, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊकच नव्हतं. दर वर्षी अण्णा जात होते. दोरसानीला ते सांगायची वेळच कधी आली नव्हती.

पहाटे अक्का न्हाली. केस अजून ओले, काळेभोर, कमरेपर्यंत. तिनं धुतलेलं पातळ नेसलं, कोळसा स्वतः निवडला, चांगला मोठा. पाव आणि मिठाची वाटी माझ्या हातात दिली. धुकं इतकं होतं की पुढच्या दाराचा दिवा फक्त पिवळा डाग दिसत होता. दयाळ अजून उठला नव्हता. अक्कानं दार वाजवलं आणि दार उघडता उघडताच उजवं पाऊल आत टाकलं, नव्या नवरीनं टाकावं तसं.

दोरसानी शाल पांघरून हसत उभी होती. तिचं हसू तिथेच थिजलं. ती किंचाळली. "नो! नॉट यू! ओ गॉड, नॉट यू!" दोन्ही हात अक्काच्या खांद्यांवर ठेवून तिनं तिला मागे ढकललं. कोळसा आतल्या फरशीवर पडून फुटला. "फादर कुठे? युवर फादर?" आणि दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

अक्का पायरीवर उभी राहिली. रडली नाही. हाताला काळं लागलं होतं ते तिनं पदराला पुसलं, धुतलेल्या पातळाला. मग माझ्या हातातली मिठाची वाटी घेतली आणि म्हणाली, "सांडेल. दे इकडे."

दुपारी दोरसानी मागच्या दारी आली. डोळे सुजलेले. ती हात जोडून समजावत होती, अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या कन्नडात. सुशीला म्हणून नव्हे, विधवा म्हणून तर नव्हेच, ते तिच्या मनातही आलं नाही. कुठलीच बाई चालत नाही. गोरी असो, राणी असो. ती स्वतःसुद्धा त्या पहाटे उंबऱ्याबाहेर जाऊन परत आत येणार नाही. फक्त एक पहाट. ती बोलत होती ते सगळं खरं होतं. आज विचार केला की वाटतं, तिच्याजवळ एक मुलगा उरला होता आणि त्याच्यासाठी ती घाबरली होती. तिला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही. आणि मला अक्काचं त्या क्षणी काय झालं तेही विसरता येत नाही.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे तुमच्यातही आहेच."

झालं ते तिथे झालं. ढकललं म्हणून नव्हे. तिला वाटत होतं, या अंगणाच्या पलीकडे, पुढच्या व्हरांड्यात, एक जागा अशी आहे जिथे पावलाचा हिशेब नाही. ती जागा गेली. सासरहून माहेरी येता आलं होतं, माहेरातून पुढच्या व्हरांड्यात जाता आलं होतं. आता याच्या पुढे कुठे जायचं?

सुट्टी संपून वर्ग सुरू झाला. मुलं 'टीचर कुठे' विचारत मागच्या खिडकीशी येत. दोरसानीनं पुन्हा पुन्हा बोलावलं, अण्णांनी विनवलं. अक्का गेली नाही. मला वाटलं रागावली आहे. एका दुपारी ती शेंगा सोलता सोलता मला म्हणाली, "पाऊल पडून गेलंय माझं तिच्या घरात. आता काय होतंय ते बघायचं." तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. ती वाट बघत होती. धुकं संपलं, अवरे संपल्या, संक्रांत झाली, अंगणातल्या करंजाला तुरे आले आणि खाली पाकळ्यांचा सडा पडू लागला. अक्का सकाळी पुढच्या फाटकाकडे बघत बसायची.

त्या सड्यावरून तारवाला आला. मलायात मळ्यावर जीप उलटली होती. मुलगा जागच्या जागी गेला.

दोरसानी पाऊस लागायच्या आत बंगला विकून विलायतेला बहिणीकडे निघून गेली. जायच्या दिवशी तिनं अक्काला जवळ घेतलं. कपाळावर ओठ टेकले आणि म्हणाली, "सुशीला, हे तुझ्यामुळे झालं नाही. कधी तसं समजू नकोस." तिच्या मनात चांगलंच होतं. पण आमच्यापैकी कुणीही तोवर तसं म्हटलं नव्हतं. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि ते कायमचं खरं होऊन बसलं.

त्यानंतर अण्णांनी राजाजीनगरला घर केलं. अक्का तिथेच असते. शिक्षिकेची परीक्षा राहिली ती राहिली. आता तिला मागे राहा म्हणून कुणी सांगायची गरज पडत नाही. माझ्या लग्नात ती कोठीच्या खोलीत होती, आणि मी हार घालताना मान वळवून तिला शोधत होते. गेल्या महिन्यात जयनगरच्या या आमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. माझ्या सासूबाई या असल्या गोष्टी मानत नाहीत. त्यांनी स्वतः फाटकापर्यंत जाऊन म्हटलं, "ये की सुशीला आत." अक्का रिक्षातच बसून राहिली. आधी सगळे आत गेले, पंगती उठल्या, आणि मग ती मागच्या दारानं आली.

परवा ती आली तेव्हा मी त्याच शेंगा पुढे घेऊन बसले होते. पुढचं दार उघडं, उन्हाचा पट्टा आत आलेला. सोलता सोलता मी सहज विचारलं, "त्या वर्षी पुडिंग ढवळताना काय मागितलं होतंस गं?"

मला वाटलं ती नेहमीसारखं 'सांगायचं नसतं' म्हणेल. ती दाणा चिमटीत धरून थांबली.

"आता सांगायला काय," ती म्हणाली. "एकदा तरी कुणाचं तरी वर्ष माझ्या पावलानं सुरू होऊ दे, असं मागितलं होतं. अण्णांना ताप आला ना, तेव्हा मला बाई आनंद झाला. वाटलं, ऐकलं की कुणीतरी."

तिनं आणखी एक शेंग घेऊन नाकाशी धरली.

"मागितलं तेच मिळालं की मला," ती म्हणाली. "यंदा सोगडु कमी आहे, नाही?"

शेंगा संपल्या. तिनं सालींचं सूप उचललं आणि टाकायला म्हणून स्वयंपाकघरातून, मागच्या दारानं, सगळ्या घराला वळसा घालून अंगणात गेली. पुढचं दार तिच्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि सताड उघडं होतं.